गावातच राहतो, तरी डॉक्टर म्हणतात निसर्गाच्या सान्निध्यात जा. म्हणजे नेमके काय करावे?

सेलूकर (जि. वर्धा), १४ एप्रिल

नमस्कार. माझे वय ४८ वर्षे असून तालुक्याच्या ठिकाणी एका सेतू केंद्रात दाखले, सातबारे आणि पीक विम्याचे अर्ज भरण्याचे काम मी करतो. राहणे मात्र गावातच आहे. घरी आई, पत्नी आणि सातवीत शिकणारी मुलगी आहे. मागच्या दाराने बाहेर पडले की तीस पावलांवर आमचे वावर सुरू होते. वडील गेल्यानंतर सालदार मिळेना आणि नोकरी सांभाळून शेती होईना, म्हणून साडेपाच एकर मक्त्याने दिले. बैलजोडी त्याच वर्षी विकली.

वर्षभरापासून रक्तदाबाची गोळी सुरू आहे, साखर काठावर आहे, आणि रात्री दोनला एकदा जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. मागील महिन्यात तपासणीस गेलो तेव्हा डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि रोज थोडा वेळ निसर्गाच्या सान्निध्यात घालवत जा, असे सांगितले. मला हसू आले. खेड्यातल्या माणसाला असे सांगणे म्हणजे मासोळीला आंघोळ कर म्हणण्यासारखे आहे, असे मी घरी येऊन बोललोही.

त्या रात्री नेहमीप्रमाणे जाग आली तेव्हा मात्र मनात हिशेब सुरू झाला की आपण वावरात शेवटचे कधी गेलो होतो. दीड वर्षात एकदाच, आणि तेही ई-पीक पाहणीचा फोटो काढण्यापुरते! फोटो निघाला, अ‍ॅपने स्वीकारला आणि मी परत फिरलो. गेल्या आठवड्यात मुलीने धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, एका झाडाचे नाव विचारले तर मला सांगता आले नाही. माझ्या वडिलांना त्या धुऱ्यावरचे प्रत्येक झाड नावानिशी ठाऊक होते.

तेव्हापासून चार दिवस चहा घेऊन साडेआठला डांबरी रस्त्याने चालून पाहिले. चौथ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि एका पानठेल्याच्या बाकावर बसावे लागले. म्हणून विचारतो. निसर्गात गेल्याने खरोखर काही फायदा होतो, याला काही आधार आहे काय? चालायचे, बसायचे की आणखी काही करायचे? आणि आपल्याकडच्या उन्हात हे जमवायचे केव्हा?

ग्रामीण वैद्य (पांढरकवडा, जि. यवतमाळ), १४ एप्रिल

आधी अंधारीविषयी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध असते. विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यांत घामावाटे पाणी आणि क्षार आधीच जात असतात, त्यात या औषधाची भर पडली की उभे राहताना किंवा चालताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, परंतु या आठवड्यात डॉक्टरांना हा प्रसंग सांगा आणि निजलेले असताना व उभे असताना असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. गोळी कोणत्या वेळी घेता, रात्री लघवीसाठी उठावे लागते काय आणि घोरता काय, हेही सांगा. प्रत्येक निद्रानाशावर झाड हा उपाय नसतो.

आता आधाराविषयी. आधार आहे, मात्र त्याचे वजन किती ते समजून घ्यावे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या त्याने २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पुढे २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे आढळले की आठवड्यातून एकंदर १२० मिनिटे किंवा अधिक वेळ मोकळ्या निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे असे सांगणारे अधिक होते, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की थोडाथोडा. परंतु धडधाकट माणूसच मुळात जास्त फिरतो, ही शंका अशा अभ्यासातून पूर्णपणे जात नाही. शिवाय ते इंग्लंडचे ऊन आहे. आपल्या मे महिन्यात भर दुपारी कोणी १२० मिनिटे काढली तर त्याला सलाईन लावण्याची वेळ माझ्यावर येईल.

याहून पक्की गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. उघड्यावर डोळ्यांत शिरणारा सकाळचा प्रकाश मेंदूतले घड्याळ लावून देतो, आणि रात्री झोप कधी यावी हे बऱ्याच अंशी त्या घड्याळावर ठरते. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही केंद्रातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तुमचा दिवस पडद्यापुढे जातो आणि बहुधा रात्रही मोबाइलपुढे जात असावी, म्हणजे शरीराला दिवस कोणता आणि रात्र कोणती हेच कळेनासे होते. चालण्याचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि रक्तदाब व साखर या दोहोंसाठी ती उपयोगाची आहे. तुम्ही सकाळी साडेपाचला निघावे आणि पावणेसातच्या आत घरात यावे. डांबरी रस्ता सोडावा.

पावसाळ्यासाठी आताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा माझ्याकडे गर्दी असते. धुऱ्यावर आणि पांदणीत गमबूट घातल्याशिवाय, आणि अंधुक उजेडात बॅटरी व काठी घेतल्याशिवाय जाऊ नये; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झालाच तर कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठावे. उंच गवतातील माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काळात ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली तर गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत कळले तर साध्या प्रतिजैविकाने आजार आटोक्यात येतो. आणि कपाशीवर फवारणी सुरू असलेल्या वावराकडे फिरायला जाऊच नये. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. तो पावसाळा आठवला की शुद्ध हवेच्या गप्पा मला सहज करता येत नाहीत.

कास्तकार (दारव्हा), १५ एप्रिल

डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते खरे असेल, परंतु या चर्चेत एक गोष्ट राहून जात आहे म्हणून लिहितो. निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याची मला गरज पडत नाही, कारण निसर्ग रोज रात्री स्वतःच माझ्याकडे येतो. रोह्यांचा (नीलगायींचा) कळप आणि रानडुकरांची टोळी एका रात्रीत हरभऱ्याचे काय करते हे पाहायचे असेल तर थंडीत या. तूर आणि हरभरा घरी येईपर्यंत मी मचाणावर जागलीला असतो. झोप माझीही मोडलेली आहे, आणि ती निसर्गाच्या सान्निध्यातच मोडली आहे.

सोयाबीन कापणीला आले असताना ज्याने पाऊस पाहिला आहे त्याला आभाळ पाहून मन प्रसन्न होते असे सांगू नये. माझी पत्नी निंदणाच्या दिवसांत सहा-सहा तास वावरात वाकलेली असते. तिला कोणी १२० मिनिटांचा सल्ला देऊन पाहावा. सेलूकर भाऊंची शेती मक्त्याने गेली म्हणून त्यांना आता ती हिरवी दिसते, असे मला स्पष्ट वाटते. राग मानू नये.

एक मात्र कबूल करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, नाल्यावर बैल धुवून आणून त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतो, तेव्हा बैल मान लांब करून डोळे मिटतो. त्या तासाभरात सोसायटीच्या कर्जाचा आकडा माझ्या डोक्यात येत नाही. वर्षातून एकदा.

निवृत्त मास्तर (हिंगणघाट), १५ एप्रिल

कास्तकार भाऊंच्या शेवटच्या परिच्छेदातच सेलूकरांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. आपल्याकडच्या माणसाचा मातीशी, झाडाशी, जनावराशी संबंध होता तो हाताच्या कामातून होता. फिरायला जाणे हा त्याचा मार्ग कधीच नव्हता. आमच्या लहानपणी गावात कोणी उगाच फिरताना दिसला तर लोक त्याची चौकशी करीत. काम सुटले तेव्हा संबंधही सुटला. आणि कामाचे ओझे असह्य झाले तेव्हाही तो सुटलाच. सेलूकरांचे पहिल्या कारणाने झाले आणि कास्तकारांचे दुसऱ्या कारणाने होत आहे.

सेलूहून वर्ध्याला जाताना पवनारजवळ धाम नदीचा पूल लागतो. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोंवर आले होते. गांधीजींनी हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सुचवले, तेव्हा विनोबांनी पवनार निवडले. ज्याला आपल्या भागाचे ऊन माहीत आहे त्यालाच या निवडीतली गंमत कळेल. धामचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या चिंता आणि कामे टाकून देत असल्याचा संकल्प केला आणि जमनालाल बजाजांच्या टेकडीवरच्या बंगल्यात राहिले. तेथे त्यांनी खोदकाम सुरू केले. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे, दुसऱ्या दिवशी त्याहून दोन मिनिटे जास्त, असे ते वाढवत नेले, आणि मध्ये मध्ये थांबून विश्रांती घेतली. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत पोहोचले. एकट्या कुदळीने हे घडवले असे मी म्हणणार नाही. पुलावर सोडून दिलेल्या कामांचा त्यात मोठा वाटा असणार. पण पाच मिनिटांपासून सुरुवात करणे मला फार शहाणपणाचे वाटते. आपण पहिल्याच दिवशी नवे बूट घालून पाच किलोमीटर निघतो आणि आठव्या दिवशी बूट माळ्यावर जातात.

म्हणून सेलूकर, आपण पावले मोजू नयेत. एक धुरा धरावा. त्यावरचे एकच काम स्वतःकडे घ्यावे: एखाद्या रोपाला पाणी, एखाद्या झाडाभोवती आळे, नाहीतर पांदणीतले गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढणे. हे शेवटचे काम हातमोजे घालून आणि नाकाला दुपट्टा बांधून करावे, कारण त्याने कातडीला खाज सुटते आणि दमेकऱ्यांचा दमा उठतो. मक्तेदाराला आधी विचारावे, नाहीतर त्याला वाटेल मालक शेती परत घ्यायला निघाला.

झाडीपट्टी (सिंदेवाही, जि. चंद्रपूर), १७ एप्रिल

जपानच्या वनखात्याने १९८२ साली वनस्नान अशा अर्थाचा एक शब्द रूढ केला, आणि आता आपल्याकडचे काही रिसॉर्टवालेही जंगलाच्या कडेला असे काहीतरी करवतात. आमच्याकडे हे स्नान पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त त्याला मोहफूल वेचणे म्हणतात. चैत्रात मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. त्याच वेळी त्याच फुलांसाठी अस्वलही येते. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि असे शेकडो पुडे उन्हात फळीवर (संकलन केंद्रावर) मांडायचे. वाकून पाने तोडणाऱ्या बाईवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आमच्या भागात दरवर्षी येतात. तेव्हा मी कोणालाही, वाचून उत्साह आला म्हणून, एकट्याने जंगलात जा असे सांगणार नाही. गुराख्यासारखा रोज जाणारा माणूस जेथे जात नाही तेथे आपण जाऊ नये.

तरीही जंगलाविषयी आमच्या लोकांच्या मनात नुसती भीती नाही, हेही खरे आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथे काय तोडायचे आणि काय राखायचे हे ग्रामसभा ठरवते. झाडाविषयी ज्याला विचारले जाते त्याची झाडाशी ओळख टिकते, असे माझे मत आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी नागपूरला एका कारखान्यात पाळीने काम करीत होतो आणि २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलो. हातात काम नव्हते आणि छाती उगाचच धडधडे. आमच्या गावाला जुना मालगुजारी तलाव आहे. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले आहेत. मी रोज पहाटे त्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागलो. सुरुवातीला पाण्याकडे बघूनही डोक्यात कारखानाच असे. मग एके दिवशी लक्षात आले की कमळाच्या पानांवरून एक लांब बोटांचा पक्षी चालत जातो आणि पान बुडायच्या आत पुढच्या पानावर पाय टाकतो. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या एका म्हाताऱ्याने सांगितले, तो कमळपक्षी. त्या म्हाताऱ्याबरोबर मी पुढे महिनाभर डोंग्यातून शिंगाड्याच्या वेलीत हिंडलो. धडधड कमी झाली; कमळपक्ष्यामुळे झाली की म्हाताऱ्याच्या गप्पांमुळे, हे मी शोधले नाही.

सेलूकर, १७ एप्रिल

सर्वांचे मनापासून आभार. कास्तकार भाऊ, राग मुळीच आला नाही. मक्त्याने गेल्यावर वावर हिरवे दिसू लागले, हे तुमचे म्हणणे मी दोनदा वाचले आणि ते मला लागू आहे. डॉक्टरसाहेब, गोळी मी रात्री जेवणानंतर घेतो आणि लघवीला दोनदा उठतो. हे आतापर्यंत कोणालाच सांगितले नव्हते. सोमवारी जाऊन सांगेन. मास्तर, एक धुरा धरण्याची कल्पना पटली, पण झाडांची नावेच माहीत नसलेल्या माणसाने तेथे जाऊन करायचे काय, हा संकोच वाटतो. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारे अ‍ॅप घ्यावे काय?

रानमेवा (साकोली, जि. भंडारा), १८ एप्रिल

दादा, अ‍ॅप कशाला? तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे की घरी आई आहेत. धुऱ्यावरची नावे तुमच्या वडिलांना येत होती म्हणता. निंदणाला तीस-चाळीस वर्षे जी गेली तिला त्यांच्यापेक्षा जास्त येत असतील, हे तुमच्या लक्षात कसे आले नाही? झाडे पुरुषांना ठाऊक असतात, पण झाडाखालचे सगळे बायांना ठाऊक असते.

माझ्या सासूबाईंकडून मी हे शिकले, कारण माहेरी मला भाजी म्हणजे बाजारातली एवढेच माहीत होते. आमच्याकडे वर्ष रानातल्या वस्तूंवरून कळत असे. मोह संपला की चार (चारोळीची फळे) आणि टेंभरे (तेंदूची फळे) पिकतात. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की तरोट्याची कोवळी पाने खुडायची. तो मोठा झाला की कडू होतो. मग केना, कुरडू, पातूर, काटवल. श्रावणाच्या सुमारास बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) बाजारात येतात, आणि विजा कडाडून गेल्या की वारुळांवर सात्या (रानअळिंब्या) निघतात. सात्यांच्या बाबतीत मात्र ओळखणाऱ्या जुन्या माणसाने स्वतः हातात घेऊन पाहिल्याशिवाय एकही घरी आणू नये. फोटोवरून तर मुळीच नाही.

या भाज्या खाऊन रक्तदाब जातो की साखर उतरते, असे दावे आजकाल बचत गटांच्या महोत्सवांतल्या फलकांवर वाचायला मिळतात. आमच्या गटाच्या फलकावरही एकदा कोणीतरी तसे लिहिले होते, ते मी पुसायला लावले. भाजी ही भाजी आहे. पण ती शोधायला खाली पाहत, हळूहळू चालावे लागते, दर दहा पावलांवर वाकावे लागते, आणि मोबाइल हातात धरून तरोटा खुडता येत नाही. माझी स्वतःची पाठ आणि झोप ज्या वर्षी बरी असते ते वर्ष मी रानात जास्त गेलेले असते.

आईंना घेऊन जा. पहिल्यांदा नाही म्हणतील.

सेलूकर, २३ ऑगस्ट

चार महिन्यांनी परत लिहीत आहे. ज्यांनी वेळ देऊन उत्तरे लिहिली त्यांना पुढे काय झाले ते कळावे, म्हणून लिहितो.

डॉक्टरांना गोळीची वेळ आणि रात्रीचे उठणे सांगितले. माझ्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होतेच; त्यांनी ती सकाळी घेण्यास सांगितले आणि झोपेचा अर्धा प्रश्न तेथेच सुटला. त्यामुळे उरलेल्या अर्ध्यात धुऱ्याचा वाटा किती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. पूर्वी रोज जाग येत असे, आता आठवड्यातून दोन-तीनदा येते. रक्तदाबाची गोळी तेवढीच आहे. साखर काठावरून हललेली नाही, ना अलीकडे ना पलीकडे.

आई खरोखरच पहिल्यांदा नाही म्हणाली. गुडघे दुखतात, काय पाहायचे त्या वावरात, असे म्हणाली. नंतर लक्षात आले की वडील गेल्यापासून तीही तिकडे गेलेली नव्हती. मागचे दार आम्ही दोघांनीही बंद ठेवले होते. एप्रिलच्या शेवटी एका पहाटे मी एकटाच निघालो तर ती पायात चप्पल घालून माझ्या आधी दारात उभी. मुलीने ज्या झाडाचे नाव विचारले होते ते हिवर निघाले. त्याच्या बुंध्याला एका जागी खोल घळ पडली आहे. आईने तीवर हात ठेवून सांगितले की वडील बैलांचा कासरा तेथे बांधत, आणि दोरीने घासून घासून ती पडली आहे. मी त्या झाडाखाली लहानपणी शिदोरी खाल्लेली असणार, पण ती घळ मी कधी पाहिली नव्हती.

मृगापर्यंत रोज गेलो. विनोबांचे पाच मिनिटांचे माप धरून पांदणीतले गाजरगवत काढायला घेतले. आता दोनशे पावलांचा पट्टा मोकळा झाला आहे आणि मक्तेदाराची माणसेही त्याच वाटेने येऊ लागली आहेत. जुलैत फवारणी सुरू झाल्यावर सकाळी आधी त्याला फोन करतो, आज फवारा आहे काय म्हणून. असेल तर आम्ही मायलेक अंगणातच बसतो. गमबूट आईलाही घेतले. ती ते घालून चालते तेव्हा मुलगी हसते, आणि रविवारी तीही सोबत येते.

कास्तकार भाऊ, उद्या-परवा पोळा आहे. आमच्याकडे आता बैल नाहीत. मक्तेदाराने खांदशेकणीला बोलावले आहे, आणि हळद मी घेऊन जाणार आहे.

रानमेवा ताईंना एक विचारायचे होते. सोयाबीनच्या कडेला एक रोप बरेच उगवले आहे. पाने लांबट, टोकाला निमुळती, एकाआड एक. खोडावर तांबूस रेषा आहेत आणि काही रोपांना वर गुलाबी-पांढरा तुरा येऊ लागला आहे. आई म्हणते ही भाजी आहे आणि मक्तेदार म्हणतो हे तण आहे. आई नाव सांगते ते कुरडू. मला खात्री करून घ्यायची आहे.

रानमेवा, २३ ऑगस्ट

दादा, दोघांचेही खरे आहे. वर्णन जुळते, ते कुरडूच. तुरा आलेली रोपे राहू द्यावीत, ती आता निबर झाली असतील. ज्यांना तुरा नाही त्यांचे कोवळे शेंडे खुडावेत आणि कांदा-लसूण घालून, थोडी भिजवलेली मुगाची डाळ टाकून परतावेत. पण खुडण्याआधी मक्तेदाराला विचारा की सोयाबीनमध्ये यंदा तणनाशक केव्हा आणि कोठवर मारले. धुऱ्यापर्यंत मारले असेल तर यंदा त्या बाजूची खुडू नका. आईंना मेथीवर समजवा, आणि पुढच्या वर्षी दोन हात जागा त्याच्याकडून सोडवून घ्या.